आईच्या डोळ्यांचा रंग

आई गेल्यावर भिंतीवर लावायला तिचा फोटो मोठा करायचा होता. फ्लॅशमुळे त्यात डोळे लाल आले होते. "काळे करा," मी स्वारगेटजवळच्या स्टुडिओवाल्यांना बिनदिक्कत सांगून टाकलं.

हे गृहस्थ एरवी "हलू नका" यापलीकडे बोलत नाहीत. गेलेल्या माणसाचा फोटो कॉम्प्युटरवर घेताना मात्र चपला काढून बसतात. त्यांनी माऊस सोडला आणि मला निरखलं.

"तुमचे घारे आहेत. आईंचे नक्की काळे? घरी विचारा. चुकीचे डोळे मी भिंतीवर पाठवत नाही."

पन्नास वर्षं तिच्या हातचं जेवलेल्या मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला.

"घारेच होते," ती म्हणाली. मग पुढे, "तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता बोलायचात त्यांच्याशी."