आम्ही जळालो तेव्हा

टोरांटोपासून दोनेक तासांवरच्या, कालव्याकाठच्या एका गावातल्या कारखान्यात मला दर महिन्याला जावं लागे. मुक्काम तिथल्या जुन्या हॉटेलात. हॉटेलचे मॅनेजर मूळचे नडियादचे, सत्तरीला टेकलेले, टाय लावून पायात मोजे आणि चप्पल घालणारे. हॉटेलचा इतिहास ते पाहुण्यांना "आम्ही" म्हणूनच सांगत. "शंभर वर्षांपूर्वी आम्ही जळालो. मग विटांचं बांधलं. कालवा गोठला की खलाशी अख्खा हिवाळा आमच्याकडेच." सांगताना भिंतीवरून हात असा फिरवत, जसा गोठ्यातल्या गाईच्या पाठीवरून.

एकदा टोरांटोहून आलेल्या पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "पण काका, तुम्ही तर सहा वर्षांपूर्वी आलात ना?" सगळे हसले. काकाही हसले, पण पुढचा इतिहास त्यांनी सांगितलाच नाही. टोरांटोजवळच्या केंब्रिजला, घरी परतताना गाडीत मी स्वतःला शिव्या देत होतो. त्यांचा एवढा एकच आनंद, तोही मी चारचौघांत हिरावून घेतला होता.

पुढच्या खेपेला माफी मागायचं ठरवूनच आत शिरलो. लॉबीत एका नव्या जोडप्याला ते नुसती किल्ली देत होते. मला पाहून थांबले. मग माझ्याकडे बोट दाखवून गंभीरपणे म्हणाले, "हे आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. आम्ही जळालो तेव्हा वरच्याच खोलीत होते. विचारा हवं तर."

जोडपं माझ्याकडे बघू लागलं. काका टाय सारखा करत वाट बघत राहिले.

"धूर फार होता," मी म्हणालो. "पण बाहेर आल्यावर पहिला चहा काकांनीच दिला."