पंधरा पावलांवरून

कोर्टाच्या बायकांच्या फाटकावर झडतीबाई सव्वीस वर्षं उभी होती. आजवर तिने एकीच्याही अंगाला न विचारता हात लावला नव्हता. आधी हळूच विचारायची, "कुठे दुखरं आहे का?" मग हात. सुऱ्या, कात्र्या, एकदा तर सवतीसाठी आणलेली तिखटाची पुडी, सगळं त्या हातांना सापडलं होतं.

आता साहेबांनी कॅमेरा आणला होता. पंधरा पावलांवरून म्हणे कपड्यांखाली लपवलेलं दिसतं. चाचणीच्या दिवशी त्याने रांगेतल्या कुणाकडे बंदीचं काही पकडलं, तर झडतीबाईची जागा रद्द. नाही पकडलं, तर कॅमेरा परत.

आधी शिपायाच्या शर्टात रबरी पिस्तूल खोचलं. पडद्यावर लाल चौकोन उमटला, आणि पिस्तूल कुठे आहे हे आधीपासून ठाऊक असलेल्या सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कंपनीचा टायवाला तर असा फुगला, जणू बाळंतपण त्यानेच केलं होतं.

मग रांगेतल्या बायका सोडल्या. चौथीच्या पोटावर चौकोन आला. साहेबांनी भोंगा तोंडाशी धरला. "पोटाशी काय लपवलंय? हात वर." अख्खी रांग वळून बघायला लागली. त्या बिचारीने पदर पोटावर ओढून घेतला.

झडतीबाई तिला ओळखत होती. आतड्याच्या ऑपरेशननंतर तिच्या पोटाला शौचाची पिशवी लावलेली होती, आणि या फाटकावर ते त्या दोघींनाच माहीत होतं. "पिशवी आहे" एवढं मोठ्याने म्हटलं असतं, तर कॅमेरा तोंडावर आपटला असता आणि नोकरी वाचली असती. टायवाल्याचं थोबाड बघायला मिळालं असतं ते वेगळंच. झडतीबाईला मोह झाला, चांगलाच झाला.

तिने त्या बाईला आडोशाला नेलं. बाहेर आली ती स्वतःचाच मोबाईल हातात धरून. "कमरेला खोचला होता, साहेब. आत न्यायला बंदी आहे, काढून घेतला."

मोबाईल काढल्यावर त्या बाईला पुन्हा कॅमेऱ्यापुढून न्यावं, हे दोघा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

"बघा, तुमच्या झडतीबाईसुद्धा कबूल करतात," टायवाला म्हणाला. झडतीबाईने मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि चाचणी यशस्वी झाल्याच्या अहवालावर सही केली.

ती बाई जिन्याजवळ थांबली होती. डोळे पुसत म्हणाली, "ताई, पुढच्या तारखेला तुम्हीच असाल ना?"

"असेन की," झडतीबाई म्हणाली.