धुक्यात माझ्याच आवाजात

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर लंच ब्रेकमध्ये टाइमपास म्हणून वाचत आलो. भुतंखेतं, चकवा वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही... नव्हता म्हणा. आता नक्की काय म्हणायचं तेच कळत नाही, म्हणून लिहितोय.

२००७चा सप्टेंबर. मी बर्मिंगहॅमला एका बँकेच्या आयटीत, बायको मनाली तिथेच फिजिओ. दोघंही पुण्याचे, सह्याद्रीत भरपूर भटकलेले. ऑफिसातला एकजण मॉन्टेनेग्रोला जाऊन आला आणि रोज फोटो दाखवून त्यानं माझं डोकं खाल्लं. एवढासा देश, पण आज समुद्रात डुंबा, उद्या डोंगर चढा! व्हिसाची भानगड निस्तरली आणि निघालो.

बुडवाच्या बीचवर लोळून झालं, टारा नदीत राफ्टिंग झालं. मग दुर्मितोरचे डोंगर. तळ्याकाठून वर जाणारी सोपी वाट होती, दगडांवर लाल-पांढऱ्या रंगाच्या खुणा. वाटेत एका कड्यावर आम्ही फोटोही काढले. खाली सरळ दरी, तळाशी पाइनची झाडं.

त्याच्या जरा पुढे मनालीचा पाय मुरगळला.

"काही नाही रे, साधी लचक आहे," ती म्हणाली. "पण आता परत फिरू या."

"पुढून जवळची वाट खाली उतरते का, तेवढं बघून येतो. इथून हलू नकोस हं."

मी थोडाच पुढे गेलो असेन, तर धुकं आलं. आपल्याकडेही येतं, पण हे इतकं दाट, की स्वतःचे बूट दिसेनात. खुणा चाचपत, धापा टाकत मी परत आलो. तोंडातून शब्द काढायलाही दम नव्हता. ती बसली होती त्या दगडापाशी तिची सॅक होती.

मनाली नव्हती.

तेवढ्यात डावीकडून तिचा आवाज आला, अगदी घरात बोलावं तसा.

"हो रे, येतेय... अजून किती लांब?"

डावीकडे तो कडा होता!

"मनू! कुठे चाललीस? थांब!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

पावलं थांबली. मग घाबरलेल्या आवाजात ती म्हणाली, "तू मागे कसा?"

"मागे म्हणजे? मी सॅकपाशी आहे! तू कोणाशी बोलतेयस?"

ती किंचाळली —

"दोघंही गप्प बसा!"

दोघंही?

मी गप्प बसलो. पुढे बोलायची हिंमतच झाली नाही. हातापायांवर रांगत, दगड चाचपत आवाजाच्या दिशेनं गेलो. ती खाली बसली होती, एक खडक दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी खांद्याला हात लावला तर तिनं झटकला. मग तिनं माझा चेहरा चाचपला, दाढीचे खुंट, चष्मा, सगळं... आणि रडायला लागली. धुकं जरा विरळ झालं तेव्हा दिसलं, तिच्या बुटांच्या पुढे जमीनच नव्हती.

खाली उतरून तळ्याकाठच्या कॅफेत बसल्यावर ती बोलली. तिला मी हाक मारत होतो म्हणे. "मनू, इकडे ये. हळू, पाय जपून टाक." तिला मनू फक्त मी म्हणतो. आणि मी तर सॅकपाशी पोचेपर्यंत तोंडही उघडलं नव्हतं.

प्रतिध्वनी? कशाचा? भास म्हणावा, तर तो तिच्या प्रश्नांना उत्तरं कशी देत होता? परतल्यावर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन तिनं कान तपासून घेतले, सगळं नॉर्मल. मी नेटवर वाचून वाचून थकलो.

दोन वर्षं झाली. अजूनही मी वरच्या खोलीतून हाक मारली, तर मनाली ओ देत नाही. जिन्याखाली येते, मला बघते, मग बोलते. त्या दिवसाचा विषय मात्र नको म्हणते.

मागच्या महिन्यात मी हिय्या करून विचारलंच. "तू गप्प बसा म्हणालीस, त्यानंतर तो काही बोलला का?"

ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"हो. म्हणाला, 'मनू, तुझ्या मागे कोण बोलतंय?'... घाबरला होता रे तो. अगदी तू घाबरतोस तसा."

"मग तुला कळलं कसं, खरा मी कोणता?"

तिनं हातातला शर्ट खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"कळलं नाहीच," ती म्हणाली. "तू आधी पोचलास."