छत्र्या फिरवणारे दाजी

आमच्या दाजींना जमिनीवर चालताना पाहायचं तर योगच यावा लागायचा. माझ्या बहिणीचा हा नवरा सदा कुणाच्या तरी गच्चीवर. आधी टीव्हीचे अँटेना, मग डिश, आणि केस पिकायला लागल्यावर लांब पल्ल्याचं वायरलेस इंटरनेट. ताई म्हणायची, "माझं लग्न माणसाशी लावलंत की माकडाशी, तेवढं एकदा सांगा." दाजी वरूनच हसायचे.

वसाहत आमची बंद पडलेल्या खाणीपलीकडे. एवढ्याशा घरांसाठी दरी ओलांडून केबल टाकायला कुठलीच कंपनी तयार होईना. शेवटी एकीने दूरच्या डोंगरावर टॉवर उभा केला. इथून तो डोळ्यांना दिसायचाही नाही. घरावर छत्रीसारखी डिश बसवायची, तिचं तोंड डोंगराकडे करायचं, की नेट घरात. मला काही पटलं नाही. वायरीने येणारी वीज आमच्याकडे धड येत नाही, तिथे हवेतून काय डोंबल येणार? पण दाजींनी मनावर घेतलं. जीभ दातांत धरून ते छत्री केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचे. छत्रीच्या डब्यातून बीप-बीप यायचं. बीप जितकं भराभर, तितका सिग्नल चांगला. तेव्हा खाली कुणी नुसतं खोकलं तरी वरून ओरडा बसायचा.

एवढा जीव ओतायला कारण एकच, माझी भाची. शहरात पाच-सहा जणींबरोबर एका खोलीत राहून ती पार विटली होती. नेट आलं आणि पोरगी परत आली. हॉस्पिटलचे डॉक्टर रिपोर्ट तोंडी सांगून रेकॉर्ड करायचे, ही घरी बसून ते टाइप करून पाठवायची. कानांना हेडफोन लावून मागच्या खोलीत बसायची, दिवसभर तोंडातून अवाक्षर नाही. तरी ताईचं घर भरल्यासारखं वाटायचं. त्या दारावरून दाजी चवड्यांवर चालत जायचे. "पोरगी घरात आहे हो," असं मला पुन्हा पुन्हा सांगायचे, जणू मला दिसतच नव्हतं.

कंपनीच्या इंजिनियरने त्यांना फोनवर एक गोष्ट बजावली होती. एरवी टॉवर प्रत्येक घराला ओळख विचारतो, पण घर काही टॉवरला विचारत नाही. डब्यात एक सेटिंग असतं, ते चालू केलं की घरही विचारायला लागतं, बाबा रे, तू आमचाच टॉवर ना? दाजींनी ते चालू करून पाहिलं. जुने डबे सारखे अडकायला लागले, लोक चहूकडून हाका मारायला लागले. दाजींनी ते बंदच करून टाकलं. "टॉवर तर एकच आहे. त्याला काय ओळख विचारायची?" म्हणाले. मीही मान डोलावली. दाराला आम्ही कडी लावतो तीसुद्धा कुत्रं शिरू नये म्हणून.

एकदा वाऱ्याने शिंप्याची छत्री खाणीच्या बाजूला वळली. दाजी ती सरळ करायला चढले, तर डबा कधी नव्हे एवढा भराभर वाजत होता. कंपनीने जवळ नवा टॉवर बसवला असणार, त्यांनी ताडलं. विचारायला फोन लावला. हा आकडा दाबा, तो आकडा दाबा करता करता कान दुखला, माणूस काही भेटला नाही. मग दाजी शिडी घेऊन निघाले आणि घराघरावर चढून सगळ्या छत्र्या त्यांनी स्वतःच्या हाताने खाणीकडे वळवल्या.

नेट धावायला लागलं. जो तो दाजींना चहाला बोलवायला लागला. शाळेत मुलांचं जेवण करणाऱ्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "दाजी, माझा परगावचा मुलगा फोनवर अगदी समोर बसल्यासारखा दिसतो हो." दाजी लाजले. तेवढं खूश मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

काही आठवड्यांनी लोकांच्या फोनवर कागद यायला लागले. भाचीने टाइप केलेले रिपोर्ट. कुणीतरी ते वाटेतच चोरले होते. चोराने आधी पैशांसाठी हॉस्पिटलला धमकावलं होतं, त्यांनी दाद दिली नाही, म्हणून त्याने सगळं बाहेर सोडलं. आसपास हॉस्पिटल तेवढं एकच, त्यामुळे रिपोर्ट आमच्याच माणसांचे. स्वयंपाकीणबाईंना पूर्वी टीबी होऊन गेला होता, पूर्ण बरा झाला होता. 'पूर्ण बरा' हे शब्द कुणी वाचलेच नाहीत. आयांनी मुलांना शाळेत जेवू देणं बंद केलं, शाळेने बाईंना घरी बसवलं.

इंजिनियर आला तो थेट दाजींच्या गच्चीवर.

"ही छत्री इकडे कुणी वळवली?"

"मी."

"इकडे आमचा टॉवर नाही."

खाणीच्या जुन्या केबिनमध्ये एक यंत्र आणि बॅटरी सापडली. माणूस केव्हाच पसार. आमच्या टॉवरचं सोंग घेऊन त्याने वसाहतीचं सगळं येणंजाणं आपल्या हातातून नेलं होतं. हॉस्पिटलची पद्धतही जुनाट, फाइल उघडीच, कुलूप-पासवर्ड न लावता पाठवायची. मी इंजिनियरवर भडकलो, "आधी सांगायला काय झालं होतं?" तो दाजींकडे पाहत म्हणाला, "सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते स्वयंपाकीणबाईंकडे गेले. काय झालं ते सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं.

"छत्री काढून न्या," बाई म्हणाल्या.

"आणि मुलाशी बोलणं?"

"कागद त्यालाही गेलाय. हल्ली तो फोन उचलत नाही."

मग एकेका घरातून तोच निरोप आला. ज्या शिडीने दाजींनी छत्र्या चढवल्या तिनेच त्या उतरवल्या. शिडी मी धरायचो.

भाचीला हॉस्पिटलने काढून टाकलं. वसाहतीत तिच्याशी कुणी बोलेना, रिपोर्ट हिनेच विकले म्हणून. दाजी तिला म्हणाले, "आपली छत्री परत डोंगराकडे वळवतो. ते सेटिंगही चालू करतो. थांबशील?"

"बाबा, नेट सुरू होईल. पण मला घरी बसून काम कोण देणार आता?"

ती परत शहरातल्या त्या खोलीत जायची होती. निघायच्या दिवशी दाजी सकाळपासून स्वतःच्या गच्चीवर, मी शिडीशी. पिशवी घेऊन ती अंगणात आली.

"बाबा, खाली या ना. बस येईल."

"आलो, आलो. एवढा नट सुटू दे. गंजलाय."

छत्री आम्ही कधीच उतरवली होती. ती अंगणात भिंतीला टेकून उभी होती, नटासकट. भाचीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सावकाश काढा, बाबा," ती वर बघून म्हणाली आणि बस गाठायला निघाली.