खंडोबाचा कुत्रा

आमच्या घरात कोणी कधी काही लिहिले नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला. तेव्हा एका कुत्र्याच्या खरजेवर लिहायला बसलो हे धाडसच झाले. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

आबा, म्हणजे माझे वडील, धारच्या पागेत शिलेदार होते. मी इंदूरला शिकायला निघालो तेव्हा त्यांनी खंडोबाला नवस केला: मुलगा परीक्षा पास होईपर्यंत दर रविवारी देवळात अनवाणी जाईन, आणि घरच्या कुत्र्याला, देवाचा म्हणून, पोटभर पुरणपोळी घालीन. उरलेली प्रसाद म्हणून ते स्वतः खात.

दिवाळीत घरी आलो तर कुत्र्याच्या पाठीवरचे केस गेलेले, खाली ओल्या जखमा. आई करंजाच्या तेलात गंधक कालवून लावी. एक जागा सुकली की दुसरी फुटे. कुत्रा वाळत चालला होता, आणि हौदापासून हलत नव्हता. देवाचा कोप समजून आबांनी पोळ्या वाढवल्या.

मी पागेतल्या घोड्यांच्या वैद्याला घेऊन आलो. त्याने पाठीवरून हात फिरवला आणि मग भिंतीकडेच पाहत राहिला. कुत्रा तिथे मुते; तिथे मुंग्यांची रांग लागली होती.

"भिया, चमडी तो सिर्फ बोल रही है," तो म्हणाला. "रोग आत आहे. मधुमेह. गोड बंद करा."

मी मान हलवली, पण माझी नजर न्हाणीच्या मोरीकडे गेली होती. तिथेही मुंग्या होत्या. आबांच्या उशाशी हल्ली दोन तांबे असत. पावसाळ्यात देवळाच्या वाटेवर त्यांच्या टाचेत काटा मोडला होता. ती जखम अजून ओलीच होती.

भीत भीत मी त्यांना सगळे सांगितले. निदान पायात जोडा तरी घाला, म्हणालो. आबा कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते.

"नवस अर्धा टाकतात का रे? तू पास हो लवकर. मग हाही सुटेल अन् मीही."

परीक्षा देऊन मी इंदुरातच निकालाची वाट पाहत राहिलो. घरी जायचा धीर होत नव्हता. एका सकाळी देवासचे मामा धारेहून परतताना माझ्या खोलीवर आले. पाणीही न घेता त्यांनी सांगितले, की कुत्रा गेला. रविवारची पोळी आबांनी त्याला पुरले तिथे ठेवली आणि तसेच अनवाणी देवळात गेले. आता पाय घोट्यापर्यंत काळा पडला आहे, अंथरुणातून उठवत नाही.

"शुद्धीवर आले की एकच विचारतात," मामा म्हणाले. "निकाल लागला का?"

निकाल अजून लागायचा होता.