गादीवाफ्यावरची खुर्ची

माझ्या साडूंइतक्या थाटात माती उकरणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात झाला नसेल. लोक शेती करतात. आमचे साडू शेतीचं उद्घाटन करत. कधीकाळी ते गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. ते पद गेलं, पण गळ्यात हार असल्यासारखी मान ताठ ठेवून चालायची सवय राहिली. घाटनांदूरच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांनी पॉलिहाऊस उभारलं, तेव्हा आधी कमान झाली, मग कमानीवर त्यांचं नाव झालं आणि त्यानंतर, कोणीतरी आठवण करून दिल्यावर, आत काय लावायचं याचा विचार झाला. ठरली ढोबळी मिरची. ती गादीवाफ्यांवर लावतात, म्हणजे चांगल्या हातभर उंच, लांबलचक मातीच्या ओट्यांवर. उंच काहीही दिसलं की साडूंना ते आपलं वाटतं. वाफ्यांच्या ते प्रेमातच पडले.

काळ्या रानात जन्म काढलेल्या या माणसाला काळी माती एकाएकी गावंढळ वाटू लागली. तांबडी माती आली, तिच्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळलं गेलं, दोऱ्या ताणल्या गेल्या. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, वर जाकीट घालून, साडू डोळा बारीक करून दोरीवरून पाहत, आणि बोटभर वाकडा दिसलेला वाफा पुन्हा मोडायला लावत. पहिल्या वाफ्याला अर्थातच नारळ. तो त्यांनी वाफ्यावरच आपटला. फुटायच्या ऐवजी तो अर्धा आत रुतून बसला. दुसरा माणूस ओशाळला असता; साडूंनी जमलेल्यांकडे असं पाहिलं की जणू कृषी विद्यापीठाने त्यांना पदवी दिली. तेव्हापासून येईल त्याला मातीत हात घालायला लावण्याचा कार्यक्रम सुरू झाला. "घाला हात, पाव्हणं. कोपरापर्यंत जायला पायजे." तहसील कचेरीतला कारकून असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेला सोयरा, सगळे कोपरापर्यंत माखून परत जात.

पायांचं प्रकरण याहून कडक. दारात औषधाच्या गुलाबी पाण्याची परात होती. तिच्यात पाय बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही. आमच्या अक्का, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, एकदा त्या परातीकडे बघून म्हणाल्या, "सून घरात आली तवा बी येवढे पाय धुतले न्हाईत." एवढं करून आत गेलेल्याने चालायचं ते दोन वाफ्यांमधल्या वाटेनेच. वाफ्यावर पाय पडला की माती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो. हे खरंच आहे, पण साडू ते शोकसभेच्या आवाजात सांगत. मी एकदा बुटाची नाडी बांधायला वाफ्याच्या कडेवर पाय टेकवला. त्यांनी मला बाहेर नेलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या छातीवर मी हुबा राहू का?" त्यांचा देह पाहता मी नको म्हणालो. पाण्याने वाफे खाली बसतात, कडा ढासळतात. मग सकाळभर हा गृहस्थ त्याच पांढऱ्या कपड्यांत फावडं घेऊन फिरे आणि माती वर ओढून कडा थोपटत राही. फोटो काढणारं कोणी नसतानाही हे का चालतं, ते मला कळत नसे.

कारण हा सगळा खटाटोप जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी आहे, अशी माझी खात्री होती. तिकीट ज्यांच्या हातात होतं ते साहेब रोपं लावायच्या दिवशी यायचे ठरले. साडूंनी आदल्या आठवड्यात तीन जाकिटं घालून पाहिली.

ओल टिकावी, तण उगवू नये म्हणून वाफ्यांवर चंदेरी मल्चिंग कागद ताणून बसवला होता. साहेब आले, कमानीत हार झाला आणि कार्यकर्त्यांच्या रेट्यात साडू मागे पडले. पुढे घुसलेल्यांना आत दिसला एक सपाट, उंच ओटा आणि त्यावर चकचकीत अंथरूण. हे स्टेज आहे यात त्यांना शंका वाटली नाही. साडूंना ओळखणाऱ्या कुणालाच वाटली नसती. त्यांनी घरातली जड लाकडी खुर्ची आणून वाफ्याच्या मधोमध मांडली. साडू आत पोहोचले तेव्हा साहेब बुटांसकट वर बसून बोलायला लागले होते.

साडूंचे हात जोडलेलेच होते, पण चेहरा उतरला होता. साहेब त्यांच्या निष्ठेबद्दल बोलत होते. पुढच्या वाक्यात तिकीट येणार हे सगळ्यांना कळत होतं. मी ज्या साडूंना ओळखत होतो, ते अशा वेळी मिरची, मुळं आणि छातीची उपमा विसरून पहिली टाळी वाजवणारे. एवढ्यात खुर्चीचे चारही पाय कागद फाडून आत जाऊ लागले, मागचे जास्त. कोपरापर्यंत हात जाईल अशी माती ती. साहेब सावकाश मागे कलले आणि छताकडे पाहून बोलू लागले. त्यांना धरायला चौघे वाफ्यावर चढायला निघाले, तेव्हा साडू बोलले.

"साहेब, खाली उतरा. तुमी बी वर चढू नका बे. माती दबती."

साहेब उतरले, हसले, चहाही प्यायले. गाडीत बसताना तेवढं म्हणाले, "तुमी आता शेतीच बघा." तिकीट दुसऱ्याला गेलं.

महिनाभराने मी समाचाराला गेलो. जुळवलेल्या वाक्यांपैकी दोनतीन खोचक होती. साडू वाटेत गुडघे टेकून कड थोपटत बसले होते, जाकीट नव्हतं. सगळ्या वाफ्यांवर रोपं दोरीत लावलेली. फक्त त्या एका वाफ्यात मधोमध चार रोपं रांग सोडून चौकोनात उभी होती. मी विचारलं.

"खुर्चीची भोकं हायती," साडू म्हणाले. "पडलीच हायेत, तर रिकामी कावून ठेवायची?"

चारांतल्या एका रोपाला कळी आली होती. साडूंनी कागदाची कड हळूच उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाला हात, पाव्हणं." असं म्हणावं असं आता त्यांच्याकडे फारसं कोणी येत नाही. मी बाही वर सारली.