देवगिरीच्या अमलातली गोदावरी

आता मला सांगा, एखादीला स्वतः शिकवून, तालीम देऊन, तिच्याच हातून आपलं काम बुडवून घेता येतं का? येतं. मी घेतलंय.

आमचं गाव अनसिंगच्या बाजूला. गावाबाहेर जुनी दगडी बारव, पायऱ्या उतरून पाणी भरायची विहीर. नवी विहीर झाली, रहाट बसला, आणि पाण्यातून पोटात जाऊन पायातून निघणाऱ्या नारूच्या जंताच्या भीतीनं लोकांनी बारवेचं पाणी पिणं सोडून दिलं. मग आम्ही काही बायकांनी ती झाडून काढली आणि पूर्वीचे लोक कसे राहत, हे शाळेच्या पोरांना तिथं करून दाखवू लागलो. इतिहास नुसता वाचून कळत नाही, असं माझं मत. गावात हायस्कूल पाहिलेली बाई मी एकटीच, त्यामुळे मतांना तोटा नव्हता.

करून दाखवायचं म्हणजे कमरेवर घागर घेऊन पायऱ्या उतरायच्या, ओवी म्हणत पाणी भरायचं.

आमच्यातली गोदावरी म्हणाली, "बाई, घागर तं मी रोजच भरतो. याच्यात इतिहास कोठी हाय?"

"आता तू गोदावरी नाहीस. देवगिरीच्या राजाच्या अमलातली बाई आहेस. कोणी काहीही विचारो, तिच्यासारखंच बोलायचं. मध्येच गोदावरी व्हायचं नाही."

"कलेक्टर आला तरी?"

"कलेक्टर आला तरी."

हे माझेच शब्द बरं का.

पुढं नारूच्या बारवा बंद करायचा हुकूम निघाला आणि आमची बारव पाहायला अकोल्याहून साहेब येणार असं ठरलं. पाटील घरी आले. "वैनी, सायबाले एकच पटलं पाहिजे. हे पानी कोनी पेत नाही. मंग बारव उघडी राह्यते."

नुसतं सांगून कसं पटेल? मी ठरवलं, करून दाखवू. हे पाणी पिणं ही आता किती जुनी, मागं पडलेली गोष्ट आहे, ते साहेबांना डोळ्यांनी दिसेल. आहे की नाही अक्कल?

साहेब आले. गोदावरी आणि तिच्या जोडीची सरसा झोकात पायऱ्या उतरल्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. साहेबांनी वरून विचारलं, "काय हो, हे पाणी कोणी पितं का?"

गोदावरीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरली बिचारी. मी धीर द्यायला मान हलवली.

"आमी हेच पेतो, मायबाप. राजाच्या अमलात दुसरं पानी कोठचं?"

"कोणत्या राजाच्या?"

"देवगिरीच्या. तुमी कोन्या मुलखाचे?"

साहेबांनी चष्मा पुसला. "बरं, नारू कोणाला झालाय?"

"माह्या पायातून दोन निंगाले," सरसा म्हणाली. हे वाक्य तालमीत नव्हतं. आपणही काहीतरी बोलावं म्हणून तिनं आपल्या पदरचं घातलं.

पाटलांनी उपरण्यात तोंड लपवलं. मी धावत खाली गेले. "साहेब, ह्या पूर्वीच्या बायका आहेत."

"पूर्वीच्या म्हणजे?"

"आत्ताच्याच, पण पूर्वीच्या. गोदावरी, खरं सांग गं, हे पाणी कोणी पितं का?"

"खरंच सांगून राह्यलो, बाई. कलेक्टर आला तरी हेच सांगीन."

इतकं आज्ञापालन मला माझ्या घरातही कधी मिळालं नाही.

"गाव नारूचं पाणी पितंय," साहेब पाटलांना म्हणाले. आणि मी काय केलं असेल? "पाणी तसं वाईट नाही हो साहेब," म्हणाले, आणि ओंजळ भरून त्यांच्यासमोर प्याले. हे पाणी कोणी पीत नाही, हे पटवण्याचा याहून चांगला मार्ग मला तेव्हा सुचला नाही.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही शिकलेल्या दिसता."

"हो. हायस्कूल."

"मग बाकीच्यांना काय बोलायचं," ते म्हणाले आणि टांग्याकडे चालू लागले.

परतताना गोदावरीनं हळूच विचारलं, "मी कोठी चुकलो तं नाही ना, बाई?"

"नाही गं. तू एक शब्दही चुकली नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आले आणि त्यांनी बारवेचं दार विटांनी बंद केलं. गारा कालवायला लागणारं पाणी आमच्याच बायकांनी आधी बारवेतून वर आणून दिलं, कमरेवर घागरी घेऊन, ओवी म्हणत.